मेंदूतले पांढरे रस्ते आणि नाकातली वाट

सुरुवात एका छोट्या चाचणीने करू. तुमच्या मित्राला समोर हातभर अंतरावर बसवा. त्याने उजवा डोळा हाताने झाकावा, तुम्ही डावा झाका, आणि उघड्या डोळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत रोखून पाहा. आता तुम्ही आपला उजवा हात दोघांच्या बरोबर मध्ये पण बाजूला दूर धरा आणि एक बोट हलवीत हळूहळू आत आणा. बोट दिसू लागताच मित्राने 'दिसले' म्हणावयाचे. नजर मात्र हलवावयाची नाही. तुम्हाला आणि त्याला ते बोट साधारण एकाच वेळी दिसेल. मग दुसऱ्या बाजूने, वरून, खालून हेच करून पाहा. आपण सरळ समोर पाहत असतानाही बाजूचे केवढे मोठे क्षेत्र आपल्याला दिसत असते, याची कल्पना येईल. डॉक्टरही रुग्णाच्या खाटेशी बसून हीच चाचणी करतात आणि तिच्यासाठी एका बोटाखेरीज कसलेच उपकरण लागत नाही.

आता समजा, चाळिशीतले एक बसचालक आहेत. गेल्या काही महिन्यांत त्यांची गाडी कधी डावीकडे घासते, कधी उजवीकडे. घरी दाराच्या चौकटीला खांदे आपटतात. लोक म्हणतात, चष्मा लागला असेल. परंतु डोळ्यांच्या डॉक्टरांकडील तक्त्यावरची शेवटची बारीक ओळही ते घडाघडा वाचून दाखवतात! मग डॉक्टर वर सांगितलेली चाचणी घेतात. डाव्या डोळ्याला डावीकडचे बोट दिसत नाही आणि उजव्या डोळ्याला उजवीकडचे. टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात ना, तशी झापडे त्यांच्या डोळ्यांना लागली आहेत आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

डोळे तर उत्तम आहेत. मग बिघाड कोठे आहे? अनुभवी डॉक्टर एवढ्यावरूनच सांगू शकतात की, मेंदूच्या बुडाशी, दोन्ही कानांच्या थोडे पुढे आणि बरोबर मध्यावर, वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे, तिच्या आसपास काहीतरी वाढले असावे. कवटीच्या आत न पाहता इतके नेमके ठिकाण कसे सांगता येते? कारण त्यांना तारा कोठून कोठे जातात ते पाठ असते.

प्रत्येक डोळ्यातून दहा लाखांच्या आसपास तंतूंची एक जुडी निघते. तिला आपण दृष्टीची चेता म्हणतो. दोन डोळ्यांच्या दोन चेता मागे जाता जाता मेंदूच्या बुडाशी एकत्र येतात आणि तेथे त्यांची फुली होते. मौज अशी की, सगळे तंतू पलीकडे जात नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या नाकाकडील अर्ध्या भागातून आलेले तंतूच फुलीत बाजू बदलतात. कानाकडील भागातून आलेले आपल्याच बाजूने पुढे जातात. आता बाजूने येणारा प्रकाश डोळ्यात शिरून पडद्याच्या कोणत्या भागावर पडेल? कानाच्या बाजूने आलेला किरण नाकाकडील भागावर पडतो. वहीवर आकृती काढली की लगेच पटेल. म्हणजे बाजूचे दृश्य नेणारे तंतू नेमके फुलीच्या मध्यातून जातात. फुलीच्या खालीच ती वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. तिथे गाठ होऊन ती वर सरकू लागली, की फुलीचा मध्यच आधी चेपला जातो आणि दोन्ही बाजूंची दृष्टी जाते.

या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. त्यांतील एका प्रकारच्या गाठी तर नुसत्या गोळ्यांनी आकसतात, शस्त्रक्रियेची गरजही लागत नाही. परंतु आपल्या बसचालकांची गाठ त्या प्रकारची नाही असे समजू. ती काढावी लागणार, नाही तर उरलेली दृष्टीही जाईल. मग खरा प्रश्न येतो, आणि मेंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत तो येतोच. गाठ कोठे आहे हे समजले, पण तिथपर्यंत जावयाचे कोणत्या वाटेने? वाटेत काय काय आहे?

वाटेत काय आहे हे पाहण्यासाठी खाटकाच्या दुकानातला बकऱ्याचा भेजा आठवा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी शिक्षकांना विचारावे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीत जपून ठेवलेला एखादा मेंदू असतो. तो मधोमध कापला तर दोन रंग दिसतात. वरची जेमतेम काही मिलिमीटर जाडीची साल करडी आणि आतला पुष्कळसा भाग पांढरा. करड्या भागात चेतापेशी दाटीने बसलेल्या असतात. माणसाच्या सबंध मेंदूत त्या सुमारे ८६ अब्ज आहेत. पांढऱ्या भागात असतात त्या या पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. त्या पांढऱ्या का? कारण बहुतेक तारांवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन गुंडाळलेले असते. विजेच्या तारेवर रबराचे असते त्याची आठवण व्हावी असे हे वेष्टन आहे. पण ते सलग नसून मध्ये मध्ये तुटलेले असते आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीत जणू उड्या मारीत जातो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला एखादा मीटर जातो. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंतही धावतो.

या तारा किती असाव्यात? डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला हिशेब असा: वीस वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूतील मायलिन असलेले सगळे तंतू एकापुढे एक जोडले, तर लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरेल, स्त्रीच्या मेंदूत सुमारे १,४९,०००. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर आहे. दीड किलोपेक्षाही कमी वजनाच्या मेंदूत एवढी तार मावते!

हाताचे कातडे कापले तर भरून येते. हातातली चेता तुटली तरी, नीट जोडली तर, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने ती पुन्हा वाढू शकते. मेंदूतले पांढरे तंतू एकदा तुटले की सहसा पुन्हा वाढत नाहीत. आणि सर्वच ठिकाणचे तंतू सारखे मोलाचे नसतात. हातपाय हलविण्याचे हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या सालीवर विस्तृत भागातून निघतात. खाली येता येता ते एका अरुंद खिंडीत गोळा होतात. मुंबई-पुण्याकडची सगळी वाहतूक जशी बोरघाटात एकवटते, तसेच हे आहे. सालीवर थोडी मोठी इजा झाली तरी कधी कधी निभावते. खिंडीत हरभऱ्याएवढी इजा झाली तर शरीराची अर्धी बाजू लुळी पडू शकते. म्हणून सर्जनला करड्या सालीचा नकाशा पुरत नाही, पांढऱ्या रस्त्यांचाही लागतो.

हा नकाशा करण्याची अडचण अशी, की पांढरा गर दिसतो एकसारखा, पेढ्यासारखा. त्यात तंतू आहेत हे नुसत्या डोळ्यांना कळतही नाही. १६६५ साली पॅरिसमध्ये नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने मेंदूवर एक व्याख्यान दिले. (भूगोलात शिकलेले खडकांच्या थरांचे नियम सांगणारा तोच हा स्टेनो.) त्याचे म्हणणे असे होते की, मेंदू समजावयाचा असेल तर त्यातील एकेका तंतूचा माग काढीत जावे लागेल, आणि हे काम इतके अवघड आहे की विशेष युक्तीवाचून ते साधेल असे वाटत नाही.

युक्ती सापडायला पावणेतीनशे वर्षे जावी लागली. मधल्या काळात कोणी मेंदू तेलात उकळून पाहिला, कोणी मद्यार्कात घालून कडक केला. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योझेफ क्लिंगलर शरीररचनाशास्त्राच्या संस्थेत नमुने तयार करण्याचे काम करीत असत. त्यांची १९३५ सालची युक्ती ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आम्हालाही सुचले असते! काचेची बाटली काठोकाठ पाण्याने भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर काय होते? बर्फ होताना पाणी फुगते आणि बाटली तडकते. क्लिंगलरांनी मृत माणसाचा मेंदू प्रथम फॉर्मॅलिनच्या पाण्यात मुरवत ठेवला. ते पाणी तंतूंच्या मधल्या फटींत शिरले. मग मेंदू शून्याखाली दहा अंशांच्या आसपास सुमारे आठवडाभर गोठवला. फटींतल्या पाण्याचा बर्फ झाला, तो फुगला आणि त्याने तंतूंच्या जुड्या एकमेकींपासून अलगद दूर सारल्या. बर्फ वितळल्यावर लाकडाच्या चपट्या काड्यांनी एकेक जुडी सोलून काढता येऊ लागली, केळीच्या सोपटाचे धागे काढावेत तशी. धारदार सुरी मुद्दामच वापरावयाची नाही, कारण सुरी तंतू कापत जाते आणि बोथट काडी तंतूंच्या दिशेने घसरते. क्लिंगलर आणि प्राध्यापक लुडविग यांनी मिळून १९५६ साली या नमुन्यांचा एक सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. जगभरच्या मेंदूच्या सर्जनांपैकी कित्येक आजही शिकताना हाच बर्फाचा प्रयोग स्वतःच्या हाताने करतात.

पण ही पद्धत मृताच्या मेंदूवर चालते. समोरच्या जिवंत रुग्णाचे रस्ते कोठून जातात, आणि गाठीने ते कोणीकडे ढकलले आहेत, हे तिने कसे कळणार?

त्यासाठी दुसरा प्रयोग करा. टीपकागदावर शाईचा एक थेंब सोडा. डाग गोल पसरेल. आता सुती धाग्यांची एक जुडी पाण्यात भिजवून ताठ धरा आणि तिच्यावर थेंब सोडा. शाई धाग्यांच्या लांबीच्या दिशेने लवकर पळेल, आडवी मात्र रेंगाळेल. म्हणजे धागे न पाहतासुद्धा, नुसता डाग पाहून धाग्यांची दिशा सांगता येईल.

मेंदूत शाई ओतावी लागत नाही. तेथे मुळातच पाणी आहे, आणि पाण्याचे रेणू अखंड धडपडत असतात. सेकंदाच्या विसाव्या भागात एखादा रेणू साधारण १० मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडे तिकडे सरकतो. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याला मोकळीक असते. आडवे जाताना तंतूंच्या भिंती आणि मायलिन आड येतात. एमआरआय यंत्र चुंबकाच्या साहाय्याने हीच हालचाल मोजू शकते. फ्रान्सचे दनी ल बिआँ यांनी १९८५-८६ च्या सुमारास मेंदूतील पाण्याच्या या सरकण्याची चित्रे घेतली. १९९० साली मांजराच्या मेंदूत हे सरकणे दिशेप्रमाणे बदलते असे दिसून आले. १९९४ मध्ये अमेरिकेत पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बिआँ यांनी मेंदूच्या प्रत्येक ठिकाणी पाण्याचा कल कोणत्या दिशेने आहे ते गणिताने काढण्याची रीत दिली. १९९९ साली सुसुमू मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत हे दिशेचे बाण एकापुढे एक जोडून सबंध रस्ता रेखाटला. आज तुम्ही पुस्तकांत मेंदूची रंगीबेरंगी झिरमिळ्यांसारखी चित्रे पाहता, ती अशी काढलेली असतात. त्यांत डावी-उजवीकडे जाणारे तंतू तांबडे, पुढे-मागे जाणारे हिरवे आणि वर-खाली जाणारे निळे दाखविण्याचा प्रघात आहे. मेंदूत असे रंग मुळीच नसतात, हे लक्षात ठेवा.

चित्र सुंदर असले म्हणजे खरे असतेच असे नाही. यंत्र मेंदूचे साधारण दोन मिलिमीटर बाजूचे चौकोनी ठोकळे कल्पून प्रत्येकाची एक सरासरी सांगते. अशा एका ठोकळ्यात लाखो तंतू असू शकतात. त्यांतले निम्मे उत्तरेकडे आणि निम्मे पूर्वेकडे जात असतील, तर सरासरी काय निघेल? ईशान्य! आणि ईशान्येकडे तर एकही तंतू जात नाही. चौकात उभ्या असलेल्या परक्या माणसाने उत्तरेच्या गाडीतून उतरून पूर्वेच्या गाडीत बसावे, तसा संगणकही एका रस्त्यावरून चुकून दुसऱ्यावर जातो. २०१७ साली यासंबंधी एक मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. खरे उत्तर आधीच ठाऊक असलेला एक कृत्रिम मेंदू संगणकात तयार करून निरनिराळ्या संशोधक गटांना रस्ते शोधायला सांगितले. बहुतेकांनी खऱ्या जुड्या शोधल्या खऱ्या, परंतु नसलेल्या जुड्याही त्यांहून अधिक संख्येने काढून दाखविल्या! म्हणून पाण्याने काढलेला नकाशा बर्फाने सोललेल्या मेंदूशी ताडून पाहावा लागतो. माझ्या मते या विषयातील सगळ्यांत शहाणपणाचे काम हेच, नव्याची जुन्याशी गाठ घालण्याचे. मूळचे स्पेनचे सर्जन हुआन फर्नांडेझ-मिरांडा यांनी अमेरिकेत फ्लॉरिडा येथे अल्बर्ट ऱ्होटन यांच्या प्रयोगशाळेत क्लिंगलरांच्या पद्धतीने मेंदू सोलले आणि २००८ साली त्या रस्त्यांची एमआरआयच्या रस्त्यांशी तुलना प्रसिद्ध केली. पुढे पिट्सबर्गला अधिक बारकाईने रस्ते दाखविणाऱ्या पद्धतीवर त्यांनी काम केले. त्यांचे नाव लक्षात ठेवा, नाकाच्या वाटेवर ते पुन्हा भेटणार आहेत.

नवा नकाशा कधी कधी फार जुन्या कोड्यावरही प्रकाश टाकतो. १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोका या सर्जनकडे एक रुग्ण आला होता. त्याला दुसऱ्याचे बोलणे समजत असे, पण स्वतः बोलताना 'टॅन' याखेरीज जवळजवळ काहीच उच्चारता येत नसे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रोकाने मेंदू पाहिला. डाव्या बाजूला कपाळाच्या मागे सालीवर इजा होती. तेव्हापासून 'वाणीचे केंद्र' म्हणून ती जागा पाठ्यपुस्तकांत आली. पण ब्रोकाने तो मेंदू कापला नाही, जसाच्या तसा बरणीत ठेवला. त्यामुळे २००७ साली तो एमआरआय यंत्रात ठेवून पाहता आला. इजा सालीपुरती नव्हती, ती खोल पांढऱ्या गरातील लांब जुड्यांपर्यंत गेलेली होती. वाणी केवळ एका केंद्रात नसून केंद्रांना जोडणाऱ्या रस्त्यांवरही अवलंबून असते, असे आता मानले जाते.

फ्रान्समध्ये माँपेलिए येथील युग द्युफो हे सर्जन म्हणूनच नुसत्या नकाशावर विसंबत नाहीत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत, या सोयीचा फायदा घेऊन ते रुग्णाला शस्त्रक्रियेच्या ऐन मध्यात जागे करतात. रुग्ण चित्रे पाहून नावे सांगत असतो आणि सर्जन पांढऱ्या गराला विजेचा सौम्य स्पर्श करून पाहतात. शब्द अडला की समजावयाचे, येथे रस्ता आहे, थांबा. कवटी उघडल्यावर आतील पाणी वाहून गेल्याने मेंदू काही मिलिमीटर खाली बसतो आणि आदल्या दिवशीचा नकाशा तेवढ्याने चुकतो. हे त्याचेही उत्तर आहे.

आता आपल्या बसचालकांकडे परत येऊ. त्यांची गाठ मेंदूच्या आत नाही, मेंदूच्या खाली आहे. वरून गेले तर कवटी उघडून मेंदू उचलून धरावा लागेल. शिवाय वरून गाठीपर्यंत पोहोचताना आधी कोण लागेल? तीच दृष्टीची फुली, आधीच चेपलेली आणि दुखावलेली. सर्जनांचा एक साधा नियम आहे: आपण आणि गाठ यांच्यामध्ये चेता येता कामा नये. मग खालून गेले तर?

खाली नाक आहे. नाकपुडी वर चढत जाते अशी आपली समजूत असते. खरे तर ती सरळ मागे, टाळूला समांतर जाते. मागच्या टोकाला वटवाघळासारखे पंख पसरलेले एक हाड आहे. आपल्याकडील शरीरशास्त्राच्या पुस्तकांत त्याला जतूकास्थी म्हणतात. जतूका म्हणजे वटवाघूळ. हे हाड बहुधा आतून पोकळ असते, त्यात केवळ हवा असते. त्या पोकळीची मागची भिंत म्हणजेच पीयूषिका ग्रंथीच्या खोगिरासारख्या बैठकीची पुढची भिंत. म्हणजे गाठीच्या दारापर्यंत एक रिकामी ओसरी निसर्गानेच बांधून ठेवली आहे.

या ओसरीतून प्रथम आत शिरले ते ऑस्ट्रियातील हेर्मान श्लोफर, १९०७ साली. पण त्यासाठी त्यांना नाक बाहेरून कापून बाजूला वळवावे लागले. पुढे अमेरिकेचे हार्वे कुशिंग यांनी वरच्या ओठाच्या आतून वाट काढली आणि १९१० ते १९२५ या काळात अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या. मग त्यांनीच ती सोडून दिली! खोल, अरुंद बोगदा, पुरेसा उजेड नाही, आणि प्रतिजैविके तेव्हा यावयाची होती. कवटी उघडून वरून जाण्याचे तंत्र सुधारले होते, ते त्यांना अधिक भरवशाचे वाटले. कुशिंगसारख्या गुरूने सोडले म्हटल्यावर इतरांनीही सोडले. एडिंबरोचे नॉर्मन डॉट तेवढे कुशिंगकडून शिकलेली ही वाट चालत राहिले. १९५६ साली त्यांच्याकडे पाहून पॅरिसचे जेरार गियो ती शिकले, गियोंकडून माँट्रिऑलचे ज्यूल्स हार्डी शिकले. हार्डींनी १९६० नंतर तिला शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली आणि वाट पुन्हा वाहती झाली. मध्ये एक माणूस नसता तर?

सूक्ष्मदर्शकाची अडचण अशी, की तो बाहेर असतो. किल्लीच्या भोकातून खोलीत पाहावे तसे सरळ रेषेतले तेवढे दिसते. डोळाच आत नेता आला तर? इंग्लंडमधील हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास हे सोपे केले. जुन्या वैद्यकीय दुर्बिणीत लांब नळीत हवा आणि मध्ये मध्ये छोटी भिंगे असत. हॉपकिन्सनी उलटे केले. नळीत काचेच्या लांब कांड्या बसविल्या आणि त्यांच्यामध्ये हवेच्या लहान फटी ठेवल्या. प्रकाश कितीतरी पटींनी अधिक येऊ लागला. (याच हॉपकिन्सबरोबर पंजाबचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखविले होते.) नाकाची आजची दुर्बीण अशीच असते: ४ मिलिमीटर जाड, १८ सेंटिमीटर लांब. हिच्या टोकाचे भिंग तिरपे बसविले की कोपऱ्यापलीकडेही पाहता येते. १९९० नंतरच्या दशकात पिट्सबर्गमध्ये मेंदूचे सर्जन जो आणि नाक-कान-घशाचे सर्जन काराऊ यांनी केवळ हिच्या साहाय्याने या गाठी काढण्याची पद्धत रूढ केली. आता दोन शाखांचे दोन सर्जन शेजारी शेजारी उभे राहून दोन नाकपुड्यांतून चार हातांनी काम करतात आणि दोघेही पडद्याकडे पाहतात.

पण ही वाट सोपी आहे असे मात्र समजू नका. ओसरीच्या मागच्या भिंतीत डावीकडे आणि उजवीकडे मेंदूला रक्त नेणारी एकेक मोठी रोहिणी असते. तिला धक्का लागला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून हाड हिऱ्याच्या बारीक कणांच्या फिरत्या गिरमिटाने अंड्याच्या कवचाइतके पातळ करून मग उचलतात आणि आवाजाच्या लहरींच्या लहानशा उपकरणाने रोहिणीतला प्रवाह ऐकून तिची जागा पुन्हा पुन्हा पक्की करतात.

दुसरी अडचण बाहेर पडताना येते. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ते शरीर दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार करते. बुडाला पाडलेले भोक नीट बुजले नाही तर ते नाकातून ठिबकू लागते. नाकातले जंतू त्याच वाटेने वर जाऊन मेंदूच्या आवरणांना सूज आणू शकतात. मोठ्या शस्त्रक्रियांनंतर सुरुवातीच्या वर्षांत अशी गळती पाचांतील एका रुग्णात किंवा त्याहूनही अधिक वेळा होत असे. २००६ साली अर्जेंटिनातील हदाद आणि बास्सागास्तेगी यांची रीत प्रसिद्ध झाली आणि हे प्रमाण अनेक ठिकाणी पाच टक्क्यांच्या आसपास आले. रीत अशी: नाकाच्या मधल्या पडद्यावरची ओली त्वचा सोलावयाची, पण एका टोकाला तिची रक्तवाहिनी तुटू द्यावयाची नाही. मग ती वळवून भोकावर पसरावयाची. रक्त चालू असल्याने ती जगते आणि चिकटते.

हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात एका कारागिराने कपाळाची कातडी, देठ न तोडता, खाली वळवून नवे नाक बसवून दिले होते. त्याचा सचित्र वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आला आणि तो वाचून युरोपचे सर्जन ही विद्या शिकले. देठ शाबूत ठेवण्याची तीच युक्ती आज नाकाच्या आतून मेंदूचे बूड बुजवते.

दुर्बीण आता पीयूषिकेच्या पुढे, मागे आणि बाजूलाही नेली जाते. फर्नांडेझ-मिरांडा पिट्सबर्गला आणि नंतर स्टॅनफर्डला या नाकाच्या वाटेचेच सर्जन झाले. एकाच माणसाने पांढरे तंतूही सोलावेत आणि नाकातूनही शिरावे, हे वरवर विचित्र वाटते. पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. गाठ मेंदूच्या आत असेल तर कोणत्या जुड्यांच्या मधून जावयाचे ते नकाशा सांगतो. गाठ खाली असेल तर मेंदूला मुळी हातच न लावता जाता येते का ते पाहावयाचे. काही गाठींसाठी अजूनही वरचीच वाट बरी ठरते. उदाहरणार्थ, ज्या गाठी दृष्टीच्या चेतेच्याही बाहेरच्या बाजूला पसरल्या आहेत, त्यांच्यापर्यंत खालून जाताना चेताच मध्ये येते. साध्या पीयूषिकेच्या गाठीसाठी रंगीत नकाशाची गरज सहसा पडत नाही. मात्र चेहऱ्यावरील आणि डोळ्यांच्या हालचालींच्या बारीक चेता गाठीने कोणीकडे ढकलल्या आहेत, ते पाण्याच्या नकाशातून आधीच कळावे, असे प्रयत्न चालू आहेत. त्या चेता दोऱ्याएवढ्या बारीक, शेजारी हाड, हवा आणि नाडीबरोबर हलणारे पाणी. त्यामुळे चित्र धूसर येते आणि काम अजून पुरे झालेले नाही.

बसचालकांची शस्त्रक्रिया काही तास चालेल. चेहऱ्यावर टाका नाही, डोक्यावरचा एक केसही कापलेला नाही. काही दिवस नाक शिंकरावयाचे नाही, जड उचलावयाचे नाही, वाकावयाचे नाही. फुलीवरचा दाब गेल्यावर दृष्टी कधी काही तासांतच सुधारू लागते, कधी त्याला महिने लागतात. तंतू फार काळ चेपून वाळलेले असतील तर ती पुरती परत येत नाही. म्हणूनच गाडी दोन्ही बाजूंना घासू लागताच तपासणी व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेशी येऊन बसतील. त्यांचा एक डोळा झाकायला सांगतील, आपला झाकतील, आणि हात बाजूला लांब धरून एक बोट हलवू लागतील.